गावच्या वाचनालयातलं युद्धाचं कपाट : तोफखान्यातल्या एका हवालदाराचा अभिप्राय

मी तोफखान्यात वीस वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून घरी आलो. अकोट तालुक्यात आमचं गाव. तीन एकर पऱ्हाटी म्हणजे कापूस, दीड एकर तूर, दोन म्हशी. गेली सहा वर्षं गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा वर्गणीदार आहे. वाचनालयाचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि तिथली मंडळी माझ्या रोजच्या उठबशीतली आहेत.

हा अभिप्राय सगळ्या वाचनालयाबद्दल नाही, एका कपाटाबद्दल आहे. आत शिरलं की डाव्या हाताला, पाण्याच्या माठामागे एक हिरवं लोखंडी कपाट आहे. दारावर पांढऱ्या रंगानं 'युद्ध व इतिहास' लिहिलंय. उन्हाळ्यात एकदा दुपारभर बसून मी त्यातली पुस्तकं मोजली, २१४ भरली. आता दहा-बारा वाढली असतील. सुट्टीवर येणाऱ्या फौजी भावांनी आणि भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी या कपाटासाठी वर्गणी भरावी का, एवढंच मला सांगायचं आहे. माझं उत्तर : भरावी, आणि पहिल्याच दिवशी कपाटाची किल्ली मागून स्वतः पुस्तकं चाळावीत. काचेबाहेरून पुस्तकांच्या पाठी बघून ठरवू नये.

व्यवहार आधी सांगतो. अनामत २०० रुपये, महिन्याची वर्गणी २० रुपये. सकाळी आठ ते अकरा आणि दुपारी चार ते सात. सोमवारी बंद. साधारण वाचकाला दोन पुस्तकं, पंधरा दिवस. फौजीला मात्र चार पुस्तकं मिळतात आणि ती पुढच्या सुट्टीपर्यंत ठेवता येतात. हा नियम कुठल्याही शासकीय कागदावर नाही. ग्रंथपाल मॅडमनी तो समितीच्या बैठकीत हट्टानं मंजूर करून घेतला. देवघेवीच्या रजिस्टरमध्ये अशा पुस्तकांपुढे तारखेऐवजी '५६ एपीओ', म्हणजे फौजेचा टपालाचा पत्ता, लिहिलेलं असतं. एक पुस्तक अकरा महिन्यांनी परत आलं. पानं ओल धरून फुगलेली, पुठ्ठा सुटलेला, आत खूण म्हणून सिगारेटच्या पाकिटाची चांदी. पोरगा ओशाळून उभा होता. मॅडमनी दंड घेतला नाही. उलट विचारलं, "कितीजनांनी वाचलं रे?" तो म्हणाला, "बंकरमधल्या साताजनांनी, मॅडम. दोघायले मराठी येत नोती, त्यायले मी वाचून दाखवलं." पुस्तक त्याच आठवड्यात शिवायला गेलं.

मला या सवलतीचं मोल कळतं, कारण माझ्या वेळेस असं काही नव्हतं. नाशिक रोडच्या तोफखाना केंद्रात ट्रेनिंग झालं, तेव्हा वाचायला मिळायचं ते 'सैनिक समाचार'. १९०९ साली 'फौजी अखबार' म्हणून सुरू झालेलं हे पाक्षिक मराठीतही निघतं, आणि ते मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचो. युनिटच्या रीडिंग रूममध्ये हिंदी-इंग्रजी पुस्तकं होती. मराठी पुस्तक हवं असेल तर घरून पेटीत घालून न्यायचं. पेटीत आधी गरम कपडे, मग माईनं दिलेला तिळाच्या लाडवांचा डबा, मग जागा उरली तर पुस्तक. ती क्वचितच उरायची.

आता कपाटातल्या मालाबद्दल.

फौजी माणूस युद्धाचं पुस्तक वेगळं वाचतो. सेनापतीनं काय भाषण केलं, तलवार कशी चमकली, ती पानं मी भराभर उलटतो. मी शोधतो ते हे : पाणी कुठून आणलं, वजन कोणी ओढलं, जनावरांचं काय झालं, रात्री किती थंडी होती, दारूगोळा पोचायला किती दिवस लागले. १९९९ च्या उन्हाळ्यात मी द्रासला बोफोर्स तोफेच्या डिटॅचमेंटमध्ये, म्हणजे तोफ चालवणाऱ्या तुकडीत होतो. नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती. माझं काम गोळे उचलून द्यायचं. एक गोळा चाळीस किलोहून जड. कारगिलच्या त्या लढाईत आपल्या तोफखान्यानं अडीच लाखांहून जास्त गोळे आणि रॉकेटं डागली, असं सांगतात. वाचणाऱ्याला तो आकडा दिसतो. मला अजून खांदा आठवतो. म्हणून ज्या पुस्तकात ओझं उचलणारा माणूस दिसत नाही, ते पुस्तक मी परत ठेवतो.

या कसोटीवर त्या कपाटातलं सगळ्यात मोलाचं पुस्तक कोणतं, तर वरच्या खणातलं अकोला जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ. फौजी पोरं त्याला हात लावत नाहीत, कारण त्यावर ना रणगाडा आहे ना झेंडा. मीही पहिली दोन वर्षं लावला नाही. एकदा पाऊस लागून राहिला, कापसाचा वेचा बंद, म्हणून बसलो आणि आडगावच्या लढाईपर्यंत आलो.

आडगाव आमच्या गावाहून मोटारसायकलीनं पाऊण तासावर. तेल्हारा तालुका. माझी आत्या तिकडे दिलेली. लहानपणी तिच्या शेतात मी शेंगा भाजून खाल्ल्यात. तिथं २९ नोव्हेंबर १८०३ ला नागपूरकर भोसल्यांची फौज आणि आर्थर वेलस्लीची इंग्रज फौज भिडली, हे मला पस्तिशी उलटेपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. ज्यानं पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं, तोच हा वेलस्ली. आमच्या शिवारात! भोसल्यांकडून राजे रघूजींचा भाऊ व्यंकोजी फौजेवर होता, सोबत शिंद्यांचे घोडेस्वार.

ही लढाई वाचून मी रात्री झोपलो नाही. वेलस्लीची माणसं त्या दिवशी लांबवर चालून दमलेली. लढायचं त्याच दिवशी असं ठरलेलंही नव्हतं. दिवस कलल्यावर भोसल्यांच्या तोफा सुरू झाल्या आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या तीन पलटणी फुटून मागे पळाल्या. या पलटणींत आपल्याच देशातले शिपाई. दोनच महिन्यांपूर्वी, २३ सप्टेंबरला, अस्सईच्या लढाईतल्या फार मोठ्या माऱ्यात हे शिपाई हटले नव्हते. इथं तर तोफा अजून लांब होत्या. तरी पळाले. वेलस्ली जवळच होता म्हणून त्यानं त्यांना आडोशाला नेऊन पुन्हा रांगेत उभं केलं आणि पुढे आणलं. अंधार पडेपर्यंत लढाई त्याच्या बाजूनं फिरली. भोसल्यांच्या ३८ तोफा गेल्या आणि चांदण्यात पाठलाग झाला.

अस्सईचा शूर आडगावात का पळाला? पुस्तकात याचं समाधानकारक उत्तर नाही, पण मला ते ठाऊक आहे. द्रासला आमच्याजवळ पहिला गोळा पडला तेव्हा दोन पावलं मागे गेलेला मी होतो. ज्याच्या मागे मी गेलो त्या नाईकानं माझी कॉलर धरली नाही, शिवी दिली नाही. "पाणी पी, आणि ये" म्हणाला. मी पाणी प्यालो आणि गेलो. माणूस एकदा शूर म्हणून कायमचा शूर नसतो आणि एकदा पळाला म्हणून कायमचा पळपुटा नसतो. उपाशी पोट, दिवसभराची चाल, अचानक आलेला आवाज, हे सगळं मोजावं लागतं. वीस वर्षांत हे मला कुठल्या लेक्चरमध्ये मिळालं नाही. ते गावच्या वाचनालयात, महिना वीस रुपयांत मिळालं.

त्याच पुस्तकात पुढे गाविलगड आहे. चिखलदऱ्याला सहलीला जाणारे लोक किल्ल्याच्या भिंतीला टेकून फोटो काढतात. डिसेंबर १८०३ मध्ये वेलस्लीच्या बाजूच्या कर्नल स्टीव्हन्सनची फौज डोंगरातून वळसा घालून उत्तरेच्या लबाडा गावाकडून किल्ल्यावर आली. ७ तारखेला निघाली, १२ ला पोचली. जड तोफा आणि सामान जवळजवळ सगळी वाट माणसांनी हातांनी ओढलं, आणि वाटही त्याच शिपायांनी आधी तयार केली होती. १५ डिसेंबरला किल्ला पडला. आत किल्लेदार बेनीसिंग लढताना मेला. दोनच दिवसांत देवगावचा तह झाला आणि भोसल्यांच्या हातून कटक प्रांत गेला, वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूखही गेला. म्हणजे आमचा वऱ्हाड कुणाकडे जायचा, याचा निकाल त्या सहा दिवसांच्या ओढाताणीनं लावला. मेळघाटातल्या त्या घाटांत तोफ चढवणं म्हणजे काय, हे मी उगाच कल्पनेनं सांगत नाही. दोर हातात कसा रुततो ते मला माहीत आहे. सुट्टीवर आलेला इन्फंट्रीचा किंवा इंजिनिअर्सचा पोरगा असेल तर त्यानं हे प्रकरण वाचूनच चिखलदऱ्याला जावं.

गॅझेटियर घरी नेता येत नाही, तिथंच बसून वाचावं लागतं. बसायची सोय ठीक आहे. खिडकीजवळचं टेबल पकडा, दुसऱ्यावर पंख्याचा वारा येत नाही आणि ट्यूब फडफडते.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी तक्रार : कादंबऱ्या आणि इतिहास एकाच खणात एकमेकाला खेटून लावलेत. पानिपतावरची कादंबरी आणि पानिपतावरचा अभ्यासग्रंथ शेजारी-शेजारी, पाठीला एकाच रंगाची चिठ्ठी. मी कादंबरीच्या विरुद्ध नाही. माझ्या घरचीनं पानिपत कादंबरीतूनच वाचलं आणि ती दोन दिवस जेवली नाही. पण तिनं मला कादंबरीतला संवाद 'सदाशिवराव भाऊ असं बोलले' म्हणून सांगितला, तेव्हा मला समजावून सांगावं लागलं की तो लेखकानं रचलेला आहे. १४ जानेवारी १७६१ ला भाऊंची फौज लढाईला निघाली ती आधीच उपासमारीनं खचलेली होती. दोन महिन्यांहून जास्त काळ कोंडी, धान्याच्या वाटा अब्दालीनं तोडलेल्या. ही रसदीची गोष्ट अभ्यासग्रंथात पानंच्या पानं आहे. फौजीला ती माहीत पाहिजे. शौर्याची गोष्ट त्याला आधीच पाठ असते. मॅडमना मी दोन रंगांच्या चिठ्ठ्या लावायला सांगितलं, त्या 'करू' म्हणाल्या. दीड वर्ष झालं. एकट्या माणसावर सगळं आहे आणि अनुदान वेळेवर येत नाही, हे मी बघतो. पण हे काम एका दुपारचं आहे आणि मी स्वतः बसायला तयार आहे.

दुसरी तक्रार नकाशांची. हिच्याबद्दल मला खरोखर वाईट वाटतं.

१९६२ च्या युद्धावरचं ब्रिगेडियर दळवींचं पुस्तक कपाटात आहे. दळवी नामका चू नदीवर सातव्या ब्रिगेडचे कमांडर होते. २० ऑक्टोबरला चिन्यांचा हल्ला झाला, दोन दिवसांनी ते स्वतः पकडले गेले आणि १९६३ च्या मे महिन्यात सुटले. जो माणूस तिथं उभा होता त्यानं लिहिलेलं हे पुस्तक आहे, म्हणून मी ते पहिल्या दर्जाचं मानतो. उन्हाळी कपड्यांत पाठवलेले जवान, मोजक्या गोळ्या, विमानातून टाकलेलं आणि दरीत हरवलेलं सामान. आपल्या सैन्यातल्या माणसानं आपल्याच चुकांवर इतकं उघड लिहावं, यानं माझा सैन्याबद्दलचा आदर वाढला.

एका संध्याकाळी गावातल्या एक मावशी वाचनालयात आल्या. त्यांचा धाकटा तवांगकडे आहे. त्यांना वाचता येत नाही. मला म्हणाल्या, "फौजी भाऊ, माह्या पोट्ट्याचं ठिकान दाखवजा मले. कुठीसा हाय थे?" मी दळवींचं पुस्तक काढलं, नामका चू तिकडेच तर आहे. नकाशाचं पान उघडायला गेलो, तर पान नव्हतं. शिवणीपासून नीट ब्लेडनं कापलेलं. दुसरं पुस्तक काढलं, त्यातलाही गेलेला. कारगिलच्या पुस्तकात एक नकाशा उरला होता, तो मावशींच्या काही कामाचा नव्हता. शेवटी शाळेच्या ॲटलासात अरुणाचल दाखवलं. त्या बोट ठेवून उभ्या राहिल्या. "अन् आपलं अकोट?" मी दाखवलं. त्यांनी एका हाताचा अंगठा अकोटवर आणि करंगळी तवांगवर ठेवून पाहिली. पोचत नव्हती.

नकाशे कोणी कापले ते माहीत नाही. बहुतेक कुण्या पोरानं प्रोजेक्टसाठी नेले असावेत. पण युद्धाच्या पुस्तकातून नकाशा काढला तर फौजीच्या दृष्टीनं उरतं काय? डोंगर कुठं, नाला कुठं, कोण वर आणि कोण खाली, हे कळल्याशिवाय कोण शूर आणि कोण मूर्ख हे ठरवता येत नाही. वाचनालयानं परत आलेल्या पुस्तकाची पानं तपासून मगच नोंद करावी, अशी माझी लेखी सूचना रजिस्टरमध्ये आहे.

इंग्रजीचा अडसर आहेच. चांगली बरीच पुस्तकं इंग्रजीत आणि आमची पोरं मराठी शाळेतली. पहिल्या महायुद्धात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला, शेवटी अन्न संपून शरणागती झाली. दुसऱ्या महायुद्धात इटलीत नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडग्यांना मरणोत्तर. महार रेजिमेंटचे मेजर परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ ला श्रीलंकेत पडले, त्यांना परमवीर चक्र. आमच्या भागातली कितीतरी पोरं महार रेजिमेंटमध्ये गेली आहेत. तरी या सगळ्यांवर कपाटात मराठीत मिळून एक पातळ पुस्तिका आहे. खरेदीच्या यादीत हे आधी यावं.

सध्या खरेदी कशाची होते? भरतीच्या गाइडांची. खालचे दोन खण त्यांनीच भरलेत. मी पोरांना दोष देत नाही. पहाटे साडेचारला कॅनॉलच्या रस्त्यावर सोळाशे मीटर धावणारी ही पोरं मी रोज बघतो. सोयाबीनला भाव नाही, घरी बहिणीचं लग्न, वय निघून चाललेलं. त्यांना परीक्षेत येईल तेच हवं. माझा पुतण्या मला स्पष्ट म्हणाला, "काका, आडगावची लढाई पेपरात येत नाई. मंग वाचू कायले?"

मी त्याच्याशी वाद घातला नाही. गेल्या २९ नोव्हेंबरला गाडीवर मागे बसवून आडगावला नेलं. सुट्टीवर आलेले दोन जवानही सोबत होते. गॅझेटियरमधली ती पानं मी हातानं वहीत उतरवून घेतली होती. पऱ्हाटीत बाया वेचा करत होत्या. बांधावर बसून मी वाचलं, आणि तीन पलटणी पळाल्या तिथं थांबलो. जवानांपैकी एक काही बोलला नाही, मातीचं ढेकूळ हातात कुस्करत राहिला. दुसऱ्यानं विचारलं, "मंग त्यायले शिक्षा झाली काय, हवालदार साहेब?" मी म्हटलं, "त्यायले परत उभं केलं. अन् थे उभे राहिले." पुतण्या तोवर उठून शेतातून चालत गेला होता. लांबून ओरडला, "काका, तोफा इथून तं गावाइकडे दिसल्याच नसतीन ना! जमीन पाहा, इथं खोलगट हाय!" त्याचं बरोबर होतं की नाही हे मी अजून ठरवतो आहे. दोनशे वर्षांत जमीन किती बदलली असेल कोण जाणे. पण तो पहिल्यांदाच जमिनीकडे बघून बोलला. परत आल्यावर त्यानं वाचनालयात जाऊन ते प्रकरण स्वतः वाचलं, दोन संध्याकाळी, खिडकीजवळच्या टेबलावर.

त्यानंतर आम्ही दोघांनी ड्रॉइंग शीटवर आडगावच्या शिवाराचा नकाशा काढला. गाव, नाले, रस्ते आजचे. फौजा कुठं असाव्यात ते पेन्सिलीनं, म्हणजे चुकलं तर खोडता येईल. मॅडमनी तो गॅझेटियरच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवला आहे. मावशींसाठी ईशान्येचा एक मोठा छापील नकाशाही अकोल्याहून आणला. तो माठाच्या वर भिंतीवर आहे, आणि तवांगला लाल टिकली आहे. टिकली मावशींनी स्वतः लावली.

कपाटाला कुलूप असतं. किल्ली मॅडमच्या टेबलाच्या उजव्या खणात असते, मागितली की देतात.